मळईवरचं पाणी

"जानेवारीत स्कॉटलंडला? त्या थंडीत बघणार काय?" इंदापुरात जो तो हेच विचारत होता. विचारणाऱ्यांचं चुकत नव्हतं. लोक मे-जूनमध्ये जातात, एडिंबरोचा किल्ला बघतात, हायलँडमध्ये बसनं फिरतात आणि फोटो घेऊन परत येतात. आम्ही दोघं गेलो ते लेकीकडे राहायला. ती ग्लासगोच्या आग्नेयेला हॅमिल्टनमध्ये राहते. दिवसा ती आणि जावई कामावर, नात शाळेत. मग आम्ही दोघांनी काय करायचं? लेक म्हणाली, "आई, जवळच कंट्री पार्क आहे. तळ्याभोवती चांगला रस्ता आहे. तुम्ही दोघं रोज चालून या."

कंट्री पार्क म्हणजे अभयारण्य नव्हे आणि नगरपालिकेची बागही नव्हे. शहराला लागून मोकळी जागा असावी, तिथं कुणीही येऊन चालावं, बसावं, होडी वल्हवावी, यासाठी स्कॉटलंडमध्ये १९६७ साली कायदा झाला. पहिला कंट्री पार्क १९६९ मध्ये कलेन इथं झाला. आमच्या लेकीजवळचा तो स्ट्रॅथक्लाइड कंट्री पार्क, १९७८ साली उघडलेला, हॅमिल्टन आणि मदरवेल या दोन गावांच्या मधे. आवार सुमारे चारशे हेक्टरांचं. मधोमध तळं. तळ्याला तिकडे लॉख म्हणतात, आणि शेवटचा ख घशातून. आपल्याला तो उच्चार अजिबात जड जात नाही.

मी तिथं पुष्कळदा गेले. पण सांगणार आहे ते तीन दिवसांचं, भोगी ते किंक्रांत.

भोगी, १३ जानेवारी

तिथं या दिवसांत पावणेनऊच्या सुमाराला उजाडतं आणि सव्वाचारला मावळतं. दुपारी बारालाही सूर्य कासराभरच वर. म्हणून चालायचं असेल तर नऊ ते तीन एवढाच वेळ धरायचा. ऑफ-सीझनला जाणाऱ्यांनी थंडीपेक्षा याचा हिशेब आधी करावा. थंडीला उपाय असतो. आत लोकरीचं, वर वारा अडवणारं जाकीट, कानावरून टोपी आणि पकड असलेले बूट. अंधाराला उपाय नाही.

लेकीनं ऑफिसला जाता जाता मदरवेलच्या बाजूला, होड्यांच्या केंद्रापाशी सोडलं. पिशवीत डब्यातली भोगीची भाजी आणि बाजरीची भाकरी. पावटा तिथं ताजा मिळाला नव्हता, फ्रोझन घातला होता. गाजर-वांगं-हरभरा-तीळ मात्र सगळं जागेवर. बाजरीचं पीठ मी इंदापुराहून नेलं होतं.

होड्या उलट्या करून रचून ठेवल्या होत्या. याच पाण्यावर १९८६ च्या राष्ट्रकुल स्पर्धांची वल्हवण्याची शर्यत झाली, १९९६ मध्ये जागतिक स्पर्धा झाली. तळं लांबट आणि सरळ आहे ते याचसाठी, शर्यतीला लागतं म्हणून. त्या दिवशी पाण्यावर एक वल्हं नव्हतं. मुलांच्या पाळण्यांची जागा बंद, आइस्क्रीमची गाडी नाही, मोटारतळावर चारच गाड्या. माझ्या मनाला बरं वाटलं. गर्दीच्या दिवसांत माणूस माणसांकडे बघतो. रिकाम्या दिवशी जमिनीकडे लक्ष जातं.

"उजव्या हातानं जायचं की डाव्या?" यांनी विचारलं.

"प्रदक्षिणा आहे, उजवा हात पाण्याकडे," मी म्हणाले. म्हणजे आधी दक्षिण टोक, मग पश्चिमेचा काठ, मग उत्तर आणि परत पूर्वेला. सगळा फेरा चार मैलांच्या आसपास. तरणी माणसं दीड तासात संपवतात, आम्हाला बसत-उठत तीन तास लागले.

दक्षिणेच्या टोकाला पाण्याच्या कडेनं पाच-सहा हात रुंदीचं बर्फ धरलं होतं, काचेच्या तुकड्यासारखं. त्यापलीकडे मोकळं पाणी आणि पाण्यात पक्षी. भीमेच्या काठावर वाढलेल्या बाईला पक्षी ओळखायला पुस्तक लागत नाही, पण परक्या देशात ओळखीचा चेहरा दिसला की पाय थांबतात. शेंडी बदकं होती, नराच्या डोक्यामागं काळी शेंडी लोंबणारी. राखी बगळा होता, पाणकावळे होते. आणि वारकरी होते. काळाकुट्ट पक्षी, कपाळावर पांढरा टिळा, म्हणून आपल्याकडे त्याला वारकरी म्हणतात, कुणी चांदवाही म्हणतं. इंदापूर तुकोबांच्या पालखीच्या वाटेवरचं गाव. लहानपणी मी वारकरी म्हटलं की दोन्ही पाहिले, आषाढात रस्त्यावरचे आणि थंडीत पाण्यातले.

एक वारकरी पाण्यातून बर्फावर चढला. माझ्यापासून सात-आठ पावलांवर असेल. तेव्हा त्याचे पाय पहिल्यांदा नीट पाहिले. बदकासारखे पडद्यांचे नाहीत, कोंबडीसारखे सुटेही नाहीत. प्रत्येक बोटाला दोन्ही अंगांनी पानासारख्या झालरी, हिरवट राखी रंगाच्या. बर्फावर पाऊल टेकलं की त्या झालरी पसरायच्या, उचललं की मिटायच्या. पाऊल मोठं, अंग लहान, आणि बर्फ निसरडं. दर पावलाला तो थोडा मागं घसरायचा आणि मान पुढं काढून तोल सावरायचा. अंग ओढत पाच-सहा हात आला, काठावरच्या गवतात चोच घातली आणि चरायला लागला. साठ वर्षं हा पक्षी मी पाहतेय, पण आपल्याकडे तो नेहमी पाण्यात, लांब. त्याचे पाय बघायला मला बर्फ लागला.

पश्चिमेच्या काठावर आल्यावर शांतता संपली. डाव्या हाताला क्लाइड नदी, तिच्यापलीकडे एम ७४ हा मोटरवे, त्यावर अखंड वाहनं. उजव्या हाताला तळं. मधे चिंचोळी पट्टी आणि तिच्यावरून आम्ही. आता इथं मला कळेना. नदी एवढी जवळ आणि तळं वेगळं कसं? आपल्याकडे धरण म्हणजे नदीलाच बांध, पाणी फुगून मागं पसरतं. इथं तसं नव्हतं. ते यांनी फलकावर वाचून सांगितलं. हे तळं माणसानं केलेलं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला क्लाइड उचलून बाजूला सरकवली, नवा पाट करून दिला, आणि तिच्या जुन्या खोऱ्यात तळं खणलं. उत्तरेला छोटा बंधारा. त्यावरून जास्तीचं पाणी नदीत जातं आणि तळ्याची पातळी बारा महिने तीच राहते.

"आणि आधी इथं काय होतं?" मी विचारलं.

"बॉथवेलहॉ नावाचं गाव."

पुढं मी बराच वेळ काही बोलले नाही.

माझं माहेर उजनीच्या पाण्याखाली आहे. भीमेवर धरण झालं, १९८० साली पूर्ण झालं, आणि त्याआधीच आमची मळई गेली. मळई म्हणजे नदीकाठची गाळाची जमीन, जिला खत लागत नाही. हॉ म्हणजे काय, ते संध्याकाळी लेकीला विचारलं. तिनं शोधून सांगितलं, हॉ म्हणजे नदीकाठची सपाट जमीन. म्हणजे मळईच की. बॉथवेलची मळई.

बंधाऱ्यापाशी बाकावर डबा उघडला. भाकरी गार झाली होती, भाजी कोमट. तिथं एक गृहस्थ कुत्रं घेऊन आले, पंचाहत्तरीचे असतील. आमच्याकडे पाहून टोपीला हात लावला, हवा थंड आहे वगैरे झालं. त्यांचं इंग्रजी मला काही कळेना, यांना अर्धं कळत होतं. बँकेत मॅनेजर होते हे, इंग्रजी चांगलं आहे, पण तिथली बोली वेगळीच. यांनी पाण्याकडे बोट करून गावाचं विचारलं. ते म्हणाले, "मी तिथला. पंधरा वर्षांचा होईपर्यंत."

ते बॉथवेलहॉ म्हणत नव्हते, पेलिस म्हणत होते. पॅलेसचा तो तिथला उच्चार. हॅमिल्टनच्या ड्यूकचा राजवाडा जवळ होता, त्याच्या नावानं हॅमिल्टन पॅलेस ही कोळशाची खाण, आणि खाणीतल्या माणसांसाठी बांधलेलं हे गाव. म्हणून गावाचं बोलण्यातलं नाव पेलिस. वडील खाणीत होते, त्यांच्याआधी आजोबाही. १९५९ मध्ये खाण बंद झाली. मग माणसं एकेक करून हलवली आणि साठीच्या दशकात घरं पाडली. तळं त्यानंतर आलं. "पाण्याखाली घरं नाहीत," ते म्हणाले. "रस्ते आहेत."

यांनी मराठीत सांगितलं तेव्हा ते वाक्य मी दोनदा म्हणायला लावलं.

संक्रांत, १४ जानेवारी

सकाळी सुगडं पुजली. मातीची नव्हती, लेकीनं दोन वर्षांपूर्वी पुण्याहून नेलेली पितळी होती. ऊस कुठून मिळणार, गाजर-बोरं-हरभऱ्याऐवजी गाजर आणि मटार. तिळगुळाच्या वड्या मी आदल्या रात्री थापल्या होत्या. चिक्कीचा गूळ नेला होता म्हणून वडी खुटखुटीत झाली.

आज प्रदक्षिणा नव्हती. तळ्याच्या पूर्वेला साउथ कॅल्डर नावाचा ओढा येऊन मिळतो, तिथं रोमन लोकांचं न्हाणीघर आहे, ते नीट बघायचं होतं. ओढ्यावर दगडी कमानीचा जुना पूल आहे. लोक त्याला रोमन पूल म्हणतात. तो रोमन नाही, कितीतरी नंतरचा, ओझ्याच्या घोड्यांसाठी बांधलेला. पण अरुंद, मधे उंच, दोन्हीकडे उतरता आणि कमानीखाली शेवाळ. सुंदर आहे. रोमन नसला म्हणून त्याचं काही बिघडत नाही.

न्हाणीघर मात्र खरोखर रोमन. दुसऱ्या शतकात रोमन सैन्य इथवर आलं होतं. इसवी सन १४२ च्या सुमारास त्यांनी स्कॉटलंडच्या कमरेतून आडवी अँटोनाइन भिंत घालायला घेतली. भिंतीच्या मागं ठिकठिकाणी किल्ले होते, त्यातला एक इथल्या टेकाडावर. शिपायांसाठी किल्ल्याबाहेर, पाण्याजवळ हे न्हाणीघर. एकापुढं एक खोल्या, गारातून कोमट आणि कोमटातून ऊन. फरशीखाली पोकळी ठेवायची, बाहेर भट्टी पेटवायची, गरम हवा फरशीखालून फिरते आणि पाय भाजेपर्यंत जमीन तापते. आज गुडघ्याएवढ्या भिंती उरल्यात. दगडांच्या सांध्यांत दहिवर गोठून पांढरं झालं होतं, त्यामुळे खोल्यांचे चौकोन कुणी रांगोळीनं आखल्यासारखे उठून दिसत होते. उन्हाळ्यात हे असं दिसणार नाही.

आणि आता मला सांगायचंय ते. हे न्हाणीघर आज आहे तिथं मुळात नव्हतं. १९७३ मध्ये ते सापडलं, तळ्याचं काम चालू असताना. तळं भरल्यावर ते बुडणार होतं. म्हणून १९७५-७६ मध्ये ते खणून काढलं, दगड उचलले आणि पाण्याच्या वर, आहे त्या मांडणीत पुन्हा रचले.

चांगलंच केलं. मी त्यात खोट काढणार नाही. आपल्याकडे किती देवळं, किती वीरगळ असे उचलायचे राहून गेले. पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ उजनीत तसंच राहिलं. पाणी फार उतरलं की उन्हाळ्यात शिखर वर येतं, मग सगळं देऊळ. माणसं होड्या करून जातात, वर्तमानपत्रात फोटो येतात. ते उचलता आलं असतं का? कुणी तसा विचार तरी केला होता का? तिथल्या दहिवरात उभं राहून मला तेच वाटत होतं.

पण आणखीही वाटलं. ज्या शिपायांनी वीस-पंचवीस वर्षं इथं अंघोळ केली त्यांच्या खोल्या वर आल्या. ज्या माणसांनी तीन पिढ्या इथं कोळसा काढला त्यांचं काय वर आलं? हे म्हणाले, "घरं कंपनीची होती, लहान, ओलीची. खाण बंद पडल्यावर तिथं राहायला काय होतं? त्यांना नवी घरं मिळाली." ते खरं आहे. आमची गोष्टही वेगळी आहे, आमची चालती शेती गेली. तरीसुद्धा जुनं झालं की किंमत येते आणि जवळचं असलं की येत नाही, हे मला पटत नाही. एक घर ठेवायचं होतं. एक चूल, एक मोरी, खाणीतून आलेल्या माणसानं अंग धुवायची एक जागा. रोमनांच्या न्हाणीघराशेजारी ती किती शोभली असती.

कालचे गृहस्थ ओढ्याच्या तोंडाशी भेटले. कुत्र्यामुळे त्यांची वेळ ठरलेली. मी डबीतून तिळगुळाची वडी काढली, त्यांच्या हातावर ठेवली आणि मराठीत म्हणाले, "तिळगूळ घ्या, गोड बोला." यांनी अर्थ सांगितला. त्यांनी हातमोजा काढून वडी घेतली, चावली, जरा वेळ चावतच राहिले. मग विचारलं, तीळ? मी मान हलवली. यांनी माझ्या माहेराचं सांगितलं, की हिचंही गाव पाण्यात आहे. ते माझ्याकडे वळले आणि यांच्याशी न बोलता माझ्याशीच, हळू आणि सुटं सुटं बोलले, मला कळावं म्हणून. "मी आजही म्हणतो, मी पेलिसचा." मीही म्हणाले, "मी आजही जुन्या गावची." त्यांना कळलं.

दुपारी समाधीची इमारत पाहिली. मोटरवेच्या पलीकडे, हॅमिल्टनच्या अंगाला, सदतीस मीटर उंच, घुमटाची. दहाव्या ड्यूकनं स्वतःसाठी आणि घराण्यासाठी बांधायला घेतली आणि १८५८ मध्ये ती पूर्ण झाली, तोवर तो गेला होता. त्याला इजिप्तहून आणलेल्या दगडी शवपेटीत ठेवलं. आत प्रार्थना व्हावी असा बेत होता, पण बोललेला शब्द पंधरा सेकंद घुमत राहतो, म्हणून प्रार्थना काही झाली नाही. बाहेर दोन दगडी सिंह आहेत, एक जागा, एक झोपलेला. झोपलेल्याच्या पंजावर पाणी साचून गोठलं होतं.

राजवाडा मात्र नाही. १९२० च्या दशकात तो पाडला. खालून कोळसा काढून काढून जमीन खचली होती. समाधीतले देहसुद्धा १९२१ मध्ये गावातल्या स्मशानभूमीत हलवले. ज्या राजवाड्यावरून खाणीला नाव पडलं तो राजवाडा खाणीनं खाल्ला, खाणीचं गाव तळ्यात गेलं. उरली ती रिकामी समाधी.

तीनला नातीची शाळा सुटली, लेक तिला तशीच घेऊन आली. तासाभराचा उजेड होता. नातीला बर्फ दाखवायचं होतं, पण दाखवलं तिनंच मला. "आजी, दगड मारायचा नाही, घसरवायचा." तिनं चपटा खडा उचलला आणि बर्फावरून सरपटत सोडला. खडा टणटणत गेला आणि बर्फातून असा आवाज निघाला की मी दचकले. ट्यूं, ट्यूं, ट्यूं, लांब लांब जाणारा, तार छेडल्यासारखा. पुन्हा सोडला, पुन्हा तेच. प्रत्येक जागेचा सूर थोडा वेगळा, काठाशी बारीक आणि आत खोल. तिनं मला खडा दिला. माझा पहिला तिथंच अडकला. दुसरा गेला. आम्ही आजी-नात अंधार होईपर्यंत खडे सोडत होतो, बोटं बधिर झाली तरी. काठावरून आत पाऊल मात्र तिला टाकू दिलं नाही. ते बर्फ कुणाचा भार घेणारं नव्हतं, आणि तिथं प्रत्येक फलकावर तेच लिहिलेलं होतं.

किंक्रांत, १५ जानेवारी

किंक्रांतीला नवं काही सुरू करत नाहीत. आम्ही सुरू केलेलंच पुढं नेलं. लेकीनं सुट्टी काढली होती. क्लाइडच्या काठानं ग्लासगोपासून न्यू लॅनार्कच्या धबधब्यांपर्यंत पासष्ट किलोमीटरची पायवाट आहे आणि ती या पार्कातून जाते. आम्ही तळ्याच्या उत्तर टोकापासून उताराच्या दिशेनं निघालो. मुक्काम ब्लँटायर.

रात्री पाऊस झाला होता, बर्फ गेलं होतं. वाट चिखलाची आणि पानं कुजून निसरडी. नदी गढूळ, जोरात. बॉथवेल ब्रिजपाशी थांबलो. इथं १६७९ च्या जूनमध्ये कव्हेनंटर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या धर्मनिष्ठांची राजाच्या सैन्याशी लढाई झाली आणि ते हरले. पूल ओलांडणाऱ्या गाड्यांना त्याचं काही नाही. आम्हीही चहा घेऊन पुढं निघालो.

ब्लँटायरला नदीकाठी पूर्वी सूतगिरणी होती. तिच्या मजुरांच्या चाळीत, एका खोलीत १८१३ मध्ये आफ्रिकेत फिरलेला मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन जन्मला आणि दहाव्या वर्षी गिरणीत कामाला लागला. ती चाळ उभी आहे, पांढरी. आता तिथं संग्रहालय आहे. आम्ही गेलो तेव्हा ते बंद होतं, हिवाळ्यात जाणाऱ्यांनी वार आणि वेळ आधी बघून जावं. पण बाहेरचं आवार मोकळं होतं. तिथं सिंहानं लिव्हिंगस्टनवर झडप घातल्याचा ब्राँझचा पुतळा आहे. ती १८४४ मधली गोष्ट. त्याचा डावा हात मोडला तो कायमचा. पुढं लंडनमध्ये त्याच्या देहाची ओळख पटली ती त्या मोडलेल्या हाडावरून.

लेकीला वाटलं आई दमली. मी दमले नव्हते, मला नाशिक आठवत होतं. डी.एड.ला मी नाशिकला होते आणि शरणपूर रोडवरून दोन वर्षं रोज गेले. त्या शरणपूरला मिशनऱ्यांची शाळा होती, आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथं ठेवत. लिव्हिंगस्टन १८६४ मध्ये स्वतःची छोटी आगबोट घेऊन मुंबईला आला होता, विकायला. त्याच्याबरोबरचे आफ्रिकी साथीदार सूसी आणि चुमा मुंबईतच राहिले. सूसी गोदीत कामाला लागला. चुमा जॉन विल्सन यांच्या शाळेत, ज्यांच्या नावाचं विल्सन कॉलेज गिरगाव चौपाटीवर आहे. विल्सनही स्कॉटिशच. १८६६ च्या जानेवारीत लिव्हिंगस्टन मुंबईहून पुन्हा आफ्रिकेला निघाला तेव्हा हे दोघे आणि नाशिकचे काही तरुण त्याच्याबरोबर होते.

१ मे १८७३ ला तो आजच्या झांबियात मेला. तिथंच पुरून सगळे निघून गेले असते तर कुणी बोल लावला नसता. त्यांनी तसं केलं नाही. काळीज तिथल्या झाडाखाली पुरलं, देह मीठ लावून उन्हात वाळवला, सालीत गुंडाळला आणि हजार मैलांहून जास्त अंतर खांद्यावर वाहून किनाऱ्याला आणला. सूसी आणि चुमा पुढारी होते. झाडावर त्याचं नाव कोरणारा होता जेकब वेनराइट, नाशिकच्या शाळेत शिकलेला. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत १८ एप्रिल १८७४ ला अंत्यविधी झाला, तेव्हा शवपेटीला हात लावणाऱ्यांत जेकब होता. सूसी आणि चुमा यांना तिथं वेळेवर आणलं नाही. ज्यांनी नऊ महिने ओझं वाहिलं ते दोघे विधी उरकल्यावर इंग्लंडला पोचले.

हे सगळं मी लेकीला त्या पुतळ्यापाशी उभ्या उभ्या सांगितलं. तिनं नाशिक फक्त द्राक्षांसाठी आणि कुंभासाठी ऐकलं होतं. "म्हणजे शरणपूर रोडवरचं शरणपूर ते?" तिनं विचारलं. हो, तेच. शरण आलेल्यांचं पूर.

परतताना पाय जड झाले. जावई गाडी घेऊन बॉथवेलला आले. तरी मी म्हणाले, दहा मिनिटं तळ्यावर थांबू. उजेड जवळजवळ संपला होता. मोटरवेवर दिव्यांची ओळ, पाण्यावर त्याच दिव्यांची दुसरी ओळ. वारकरी दिसत नव्हते, पण त्यांचा तो क्क क्क आवाज काळोखातून येत होता.

रात्री इंदापूरला भावाला फोन लावला. तिकडे उजाडायला वेळ होता, पण तो चारला उठतोच, गाई आहेत. किंक्रांत कशी झाली, पाणी किती आहे, विचारून झालं. धरण भरलेलं होतं, काठोकाठ. मग मी त्याला सांगितलं, इथंही एक मळई पाण्याखाली आहे, गाव होतं, खाणीतल्या लोकांचं. तो सगळं ऐकत होता. मागं गाईच्या गळ्यातली घंटा वाजत होती.

"मग उन्हाळ्यात येतं का वर?" त्यानं विचारलं.

"नाही. बंधारा आहे. इथलं पाणी उतरत नाही."

"कधीच?"

"कधीच नाही."

तो जरा वेळ बोलला नाही. "अवघड आहे गं मग त्यांचं," म्हणाला, आणि धारेची वेळ झाली म्हणून फोन ठेवला.